शत्रू निनावी, गॉगल नावानिशी

१९८६ साली आलेल्या ‘टॉप गन’च्या शेवटी अमेरिकी नौदलाची विमानं हिंद महासागरावर कुणाशी तरी लढतात. कुणाशी, ते चित्रपट सांगत नाही. शत्रूची विमानं काळी, त्यांवर लाल तारा, वैमानिकांचे चेहरे हेल्मेटच्या काळ्या काचेआड. त्यांच्या देशाचं नाव एकदाही कुणाच्या तोंडी येत नाही. टॉम क्रूझच्या डोळ्यांवरचा गॉगल मात्र रे-बॅनचा होता. चित्रपट धो धो चालला आणि त्या कंपनीच्या एव्हिएटर गॉगलांचा खप वाढला. छत्तीस वर्षांनी, २०२२ साली, ‘टॉप गन : मॅव्हरिक’ आला. त्यात डोंगरांत लपवलेला युरेनियमचा कारखाना आहे, क्षेपणास्त्रं आहेत, अत्याधुनिक लढाऊ विमानं आहेत. ज्या देशाचं हे सगळं आहे, त्याला नाव याही वेळी नाही.

नाव घेतलं की एक बाजारपेठ, एक वकिलात आणि एक परवाना अडचणीत येतो. नाव गाळलं की तोच चित्रपट जगभर लागतो. अमेरिकेच्या मुख्य प्रवाहातल्या चित्रपटांत विचारसरणी आणि धंदा एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे समजून घ्यायला अशी गाळलेली नावं फार उपयोगी पडतात. पडद्यावरचा ध्वज, भाषण, गोड शेवट हे सगळ्यांना दिसतं. पटकथेतून काय काढलं गेलं, कुणाच्या सांगण्यावरून आणि कशाच्या भीतीने, हे शोधावं लागतं. आणि शोधलं की बहुतेक वेळा मागे एखादा हिशेब सापडतो.

हॉलिवूडच्या राजकारणावरचे वाद बहुधा एकाच प्रश्नापाशी अडतात : ही मंडळी डावी की उजवी? एका पिढीला स्टुडिओ म्हणजे कम्युनिस्टांचे अड्डे वाटले, दुसरीला ते भांडवलशाहीचे प्रचारक वाटले. हजारो चित्रपटांच्या ढिगातून दोघांनाही हवा तो पुरावा मिळतो, म्हणून वाद कधी संपत नाही. त्यापेक्षा पटकथेवर काट मारण्याची ताकद कुणाच्या हाती होती आणि ती त्याला कुठून मिळाली, असं विचारलं तर ठोस उत्तरं मिळतात : माणसांची नावं, करारातली कलमं, डॉलरचे आकडे.

सुरुवात न्यायालयातून झाली. १९१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायो राज्याच्या सेन्सॉरशिपविरुद्धच्या खटल्यात निकाल दिला, की चित्रपट दाखवणं हा निव्वळ व्यवसाय आहे. वृत्तपत्रांना मिळणारं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण त्याला लागू नाही. हा निकाल फिरायला १९५२ उजाडलं. मधल्या ३७ वर्षांत हॉलिवूड उभं राहिलं, बोलू लागलं, जगभर पसरलं, आणि या सगळ्या काळात कायद्याच्या दृष्टीने ते मालाचं उत्पादन करत होतं. मग मालाचे नियमही व्यापाऱ्यांच्या संघटनेनेच केले. स्टुडिओंनी १९२२ साली आपली संघटना काढली आणि माजी पोस्टमास्टर जनरल विल हेज यांना प्रमुख नेमलं. १९३० साली आचारसंहिता आली. तिचा मसुदा मार्टिन क्विग्ली हे कॅथलिक प्रकाशक आणि डॅनियल लॉर्ड हे जेझुइट पाद्री यांनी केला होता. चार वर्षं ती कागदावरच राहिली. १९३४ साली कॅथलिक संघटनांनी बहिष्काराची धमकी दिली तेव्हा जोसेफ ब्रीन यांच्या हाताखाली स्वतंत्र कचेरी उघडण्यात आली. त्या कचेरीचा शिक्का नसलेला चित्रपट दाखवला तर २५ हजार डॉलर दंड. मोठ्या शहरांतली बहुतेक चांगली थिएटरं स्टुडिओंच्याच मालकीची होती. त्यामुळे शिक्का नाही तर पडदाही नाही. सरकारचा एक शिपाईदेखील या व्यवस्थेत नव्हता.

ही व्यवस्था चालायची कशी, हे लीना हॉर्नच्या गाण्यांत दिसतं. १९४२ साली एमजीएमने या कृष्णवर्णीय गायिकेशी करार केला. आवाज असामान्य, रूप देखणं, प्रेक्षक खूश. पण दक्षिणेकडच्या राज्यांतले थिएटरवाले आणि स्थानिक सेन्सॉर गोऱ्यांच्या बरोबरीने वावरणारी कृष्णवर्णीय स्त्री पडद्यावर येऊ द्यायला तयार नव्हते. स्टुडिओने सोपा मार्ग काढला. अनेक संगीतपटांत तिचं गाणं कथेपासून वेगळं ठेवलं : ती येणार, खांबाला टेकून गाणार, निघून जाणार, कथेतल्या कुणाशी तिचं नातं नाही, संवाद नाही. दक्षिणेत प्रिंट पाठवताना तेवढा तुकडा कापला तरी कथा कुठेही तुटत नसे. एमजीएममधला कोणी वर्णद्वेषी घोषणा देत होता असं नाही. वितरणाच्या सोयीसाठी घेतलेल्या निर्णयाने एका कलावतीला अख्ख्या चित्रपटात कुणाची बहीण, कुणाची मैत्रीण, कुणाची प्रेयसी होऊ दिलं नाही. त्याआधी, १९३७ साली आलेल्या ‘द गुड अर्थ’मधल्या चिनी शेतकरणीची भूमिका लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेल्या ॲना मे वाँगला नाकारली गेली होती. नायकाच्या भूमिकेत गोरा नट होता, आणि आंतरवंशीय जोडी संहितेला चालत नव्हती. भूमिका जर्मन-ऑस्ट्रियन नटी लुईझ रेनरला मिळाली आणि तिला तिच्यासाठी ऑस्करही मिळालं.

या सगळ्या इतिहासातलं सर्वांत वेदनादायक प्रकरण जर्मनीचं आहे. तिथे थोडं थांबायलाच हवं.

डिसेंबर १९३० मध्ये युनिव्हर्सलचा ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ बर्लिनमध्ये लागला. गोबेल्सच्या नेतृत्वाखाली नाझी टोळ्यांनी थिएटरात दुर्गंधी पसरवणाऱ्या कुप्या फोडल्या, पांढरे उंदीर सोडले. काही दिवसांतच चित्रपटावर बंदी आली. १९३२ साली जर्मन नियमांत एक कलम घालण्यात आलं : एखादी कंपनी जगात कुठेही जर्मनविरोधी चित्रपट दाखवत असेल, तर तिचे जर्मनीतले परवाने रोखता येतील. दुसऱ्या वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि गेऑर्ग गिसलिंग हा जर्मनीचा वाणिज्यदूत म्हणून लॉस एंजेलिसला दाखल झाला. त्याचं काम पत्रं लिहिण्याचं होतं. कुठला स्टुडिओ काय काढतोय यावर तो नजर ठेवायचा, ब्रीनच्या कचेरीला आक्षेप कळवायचा आणि त्या कलमाची आठवण करून द्यायचा.

१९३८ साली एमजीएमने जर्मन लेखक रेमार्कच्या कादंबरीवरून ‘थ्री कॉम्रेड्स’ काढला. पटकथेसाठी कादंबरीकार एफ. स्कॉट फिट्झजेराल्डला नेमलं होतं. त्याने नाझींचा उदय, ज्यूंवरचे हल्ले, पुस्तकांची होळी हे सारं लिहिलं. ब्रीनने सुचवलं, की कथेचा काळ पहिल्या महायुद्धानंतरच्या लगतच्या वर्षांत मागे न्यावा, म्हणजे नाझींचा प्रश्नच उद्भवणार नाही. ज्यूंचे उल्लेख गेले, होळी गेली. दंगल करणारे कम्युनिस्ट दाखवावेत, असाही एक प्रस्ताव होता. निर्माता जोसेफ मॅन्कीविझने तो साफ धुडकावला. तयार चित्रपटात रस्त्यावर गुंड येतात, मारामाऱ्या होतात, माणूस मरतो, पण हे कोण, कुठल्या पक्षाचे, ते कळत नाही.

स्टुडिओंचे बरेचसे मालक स्वतः ज्यू होते. देशातच ज्यूद्वेष उफाळलेला असताना आपण मुद्दा काढला तर ‘हे स्वतःच्या स्वार्थासाठी देशाला युद्धात ओढतात’ असं म्हटलं जाईल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. १९४१ च्या सप्टेंबरमध्ये सिनेटच्या उपसमितीसमोर त्यांच्यावर जवळपास हाच आरोप झाला. तरीही हिशेब विसरता येत नाही. वॉर्नर ब्रदर्सने १९३४ साली जर्मनी सोडली. एमजीएम, पॅरामाउंट आणि फॉक्स १९४० पर्यंत तिथे धंदा करत राहिले. नाझींचं नाव घेऊन बोलणारा मोठ्या स्टुडिओचा पहिला ठळक चित्रपट, ‘कन्फेशन्स ऑफ अ नाझी स्पाय’, १९३९ साली आला आणि तो वॉर्नर ब्रदर्सचाच होता. ज्यांना तिथे गमावण्यासारखं उरलं नव्हतं, त्यांना आधी कंठ फुटला. चॅप्लिनने ‘द ग्रेट डिक्टेटर’ काढला तो स्वतःच्या पैशाने.

अमेरिका युद्धात उतरली आणि वारं फिरलं. सरकारच्या युद्धमाहिती कचेरीला आता प्रत्येक पटकथा युद्धाला उपयोगी हवी होती. दोस्त राष्ट्र म्हणून सोव्हिएत रशियाचं कौतुक करणारा ‘मिशन टू मॉस्को’ वॉर्नर ब्रदर्सने १९४३ साली काढला. चार वर्षांनी हाच चित्रपट कम्युनिस्ट शिरकावाचा पुरावा म्हणून काँग्रेसच्या समितीपुढे मांडला गेला, आणि तो लिहिणाऱ्या हॉवर्ड कोचचं नाव पुढे काळ्या यादीत गेलं.

काळी यादी हा शब्द सरकारी वाटतो. ती खासगी होती. ऑक्टोबर १९४७ मध्ये काँग्रेसच्या समितीने लेखक-दिग्दर्शकांना बोलावलं. तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात किंवा होता का, या प्रश्नाचं उत्तर दहा जणांनी नाकारलं. २४ नोव्हेंबरला त्यांच्यावर अवमानाचा ठपका बसला. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात स्टुडिओंचे प्रमुख आणि त्यांचे वकील जमले. बैठकीनंतर निवेदन निघालं : या दहा जणांना काम नाही आणि यापुढे जाणूनबुजून कुठल्याही कम्युनिस्टाला काम नाही. असं करायला लावणारा कायदा नव्हता. भांडवल पुरवणाऱ्यांची नाराजी आणि प्रेक्षकांच्या बहिष्काराची धास्ती पुरेशी होती. दहांपैकी डाल्टन ट्रम्बो तुरुंगात गेला, बाहेर आला आणि दुसऱ्यांच्या नावाने लिहीत राहिला. ‘रोमन हॉलिडे’च्या कथेचं ऑस्कर त्याच्या मित्राच्या नावावर जमा झालं. ‘द ब्रेव्ह वन’च्या कथेसाठी रॉबर्ट रिच या लेखकाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो व्यासपीठावर आला नाही, कारण असा कुणी लेखकच नव्हता. ज्या धंद्याने ट्रम्बोला हाकललं होतं तोच त्याच्या पटकथा स्वस्तात घेत होता. माणूस नको, माल हवा, असा हा तेरा वर्षांचा व्यवहार १९६० साली ‘एक्सोडस’ आणि ‘स्पार्टाकस’च्या श्रेयनामावलीत त्याचं नाव झळकल्यावर मोडला.

याच काळात एफबीआयच्या एका टिपणात फ्रँक काप्राच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’बद्दल शंका नोंदवली गेली. त्यातला बँकवाला खलनायक आहे, आणि सावकारांना असं काळं रंगवणं ही कम्युनिस्टांची नेहमीची युक्ती असल्याचं टिपणाचं म्हणणं. आज तो चित्रपट अमेरिकी घराघरांत नाताळला कौतुकाने पाहिला जातो.

काळ्या यादीतल्यांनी स्टुडिओंबाहेर जाऊन ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ काढला तेव्हा बाजाराची ताकद पुरती उघडी पडली. न्यू मेक्सिकोतल्या जस्ताच्या खाणीत मेक्सिकन वंशाच्या कामगारांचा संप झाला होता. न्यायालयाने पुरुषांना धरणं धरायला मनाई केल्यावर त्यांच्या बायका धरण्यावर उभ्या राहिल्या. त्या खऱ्या घटनेवरचा हा चित्रपट. खाणकामगारांनी स्वतःच त्यात कामं केली. नायिका रोसौरा रेव्हुएल्तास हिला चित्रीकरण चालू असतानाच अटक करून मेक्सिकोला परतायला भाग पाडलं. लॅबोरेटऱ्यांनी फिल्म धुवायला नकार दिला. १९५४ साली चित्रपट तयार झाला, तर प्रोजेक्टर चालवणाऱ्यांच्या युनियनचे लोक तो लावेनात. उण्यापुऱ्या डझनभर थिएटरांत तो कसाबसा लागला. बंदीचा हुकूम कुणीही काढला नव्हता. त्या बायका धरण्यावर काय बोलल्या हे बहुसंख्य अमेरिकनांना ऐकूच गेलं नाही, याची खंत हा इतिहास वाचताना राहून राहून वाटते. १९९२ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत त्याला जागा दिली.

लष्कराशी असलेलं नातं अधिक सरळ आहे. तिथे चक्क देवाणघेवाण चालते. विमानवाहू जहाज, लढाऊ विमानं, हेलिकॉप्टरं बाजारात भाड्याने मिळत नाहीत. ती फक्त पेंटॅगॉनकडे असतात. निर्मात्याने पटकथा पाठवायची. लष्कराची प्रतिमा, तपशिलांची अचूकता, भरतीला होणारा फायदा हे पाहून अधिकारी बदल सुचवतात. बदल मान्य झाले की करार होतो. इंधनासारखा जादा खर्च निर्मात्याने भरायचा आणि प्रदर्शनाआधी चित्रपट अधिकाऱ्यांना दाखवायचा. ‘टॉप गन’मध्ये नायकाची प्रेयसी मुळात नौदलातलीच होती, हाताखालच्या व्यक्तीशी प्रेमसंबंध नौदलाला पसंत नव्हते, म्हणून ती बाहेरून आलेली तज्ज्ञ झाली. दिग्दर्शक टोनी स्कॉट एक आठवण सांगत असे. ‘एंटरप्राइझ’ जहाजावर मावळतीच्या उजेडात विमानं टिपत असताना जहाजाने दिशा बदलली आणि उजेड गेला. जहाज परत वळवायला २५ हजार डॉलर लागतील असं कळलं, तेव्हा त्याने तिथल्या तिथे चेक फाडला आणि काही मिनिटांचा उजेड विकत घेतला. चित्रपट लागल्यावर काही थिएटरांबाहेर नौदलाने भरतीची टेबलं मांडली. ‘मॅव्हरिक’च्या वेळी एफ/ए-१८ विमानांचं भाडं ताशी ११,३७४ डॉलरपर्यंत होतं, आणि नटांना कुठल्याही बटणाला हात लावायची परवानगी नव्हती.

नकार मिळालेल्यांची यादी अधिक बोलकी आहे. ‘प्लॅटून’ला मदत मिळाली नाही. ‘अ‍ॅन ऑफिसर अँड अ जंटलमन’ला मिळाली नाही. पाणबुडीवरचं बंड दाखवणाऱ्या ‘क्रिमसन टाइड’ला नाही. ‘अपोकॅलिप्स नाऊ’साठी दिग्दर्शक कोपोलाला फिलिपिन्सच्या मार्कोस सरकारकडून हेलिकॉप्टरं आणावी लागली, आणि चित्रीकरणाच्या मध्येच ती खऱ्या बंडखोरांवर चाल करायला निघून जात. बोलायची मोकळीक सगळ्यांना आहे, पण लष्कराच्या मनासारखी कथा स्वस्तात पडते आणि मनाविरुद्धची महागात. मोठ्या युद्धपटाचं अंदाजपत्रक मांडताना पहिल्याच बैठकीत हा फरक आकड्यांत समोर येतो, आणि कित्येक पटकथा त्या बैठकीतच मवाळ होतात.

मालाच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात सांगितलं तरी भागेल, कारण त्या प्रेक्षकाला दिसतातच. ‘ई.टी.’साठी मार्स कंपनीने एम अँड एम गोळ्या द्यायला नकार दिला, हर्शीने रीसेस पीसेस दिल्या आणि त्या हातोहात खपल्या. ‘सुपरमॅन २’मध्ये मार्लबोरो दिसावी म्हणून फिलिप मॉरिसने सुमारे ४२ हजार डॉलर मोजले. सिल्व्हेस्टर स्टॅलोनने १९८३ साली पाच लाख डॉलरच्या बदल्यात किमान पाच चित्रपटांत एका कंपनीची तंबाखू-उत्पादनं वापरण्याची लेखी हमी दिली. ही कागदपत्रं पुढे तंबाखू कंपन्यांवरच्या खटल्यांमुळे बाहेर आली, आणि १९९८ च्या तडजोडीत अशा पैशावर बंदी आली. ‘स्टार वॉर्स’ने तर अर्थकारणच उलटं केलं. १९७७ च्या नाताळपर्यंत खेळणी तयार झाली नव्हती, म्हणून केनर कंपनीने कूपन घातलेले रिकामे खोके विकले आणि पालकांनी ते घेतले.

चीनच्या बाबतीत जर्मनीचा धडा नव्याने गिरवला गेला. १९९७ साली दलाई लामांवरचा ‘कुंदुन’ डिस्नेने प्रदर्शित केला. चीनने डोळे वटारले आणि पुढल्या वर्षी डिस्नेचे प्रमुख मायकेल आइसनर यांनी चिनी पंतप्रधानांकडे दिलगिरी व्यक्त केली. शांघायचं डिस्नेलँड २०१६ साली उघडलं. २०१२ च्या ‘रेड डॉन’मध्ये अमेरिकेवर चढाई करणारं सैन्य चिनी होतं, चित्रीकरण संपल्यावर संगणकावर एकेक झेंडा आणि चिन्ह बदलून ते उत्तर कोरियाचं करण्यात आलं. उत्तर कोरियात हॉलिवूडला तिकीट खिडकी नाही. त्याच वर्षी चीनने कमाईत वाटा देऊन घ्यायच्या परदेशी चित्रपटांची संख्या वर्षाला ३४ केली आणि स्टुडिओंचा वाटा २५ टक्के ठरला. चौतिसांत नंबर लागावा म्हणून पटकथा आधीच स्वच्छ होऊ लागल्या. २०१९ साली ‘मॅव्हरिक’चा ट्रेलर आला तेव्हा नायकाच्या जुन्या जाकिटावरचे जपान आणि तैवानचे झेंडे गायब होते. त्या वेळी चीनची टेन्सेंट कंपनी गुंतवणूकदार होती. पुढे ती बाहेर पडली. २०२२ साली चित्रपट आला तेव्हा दोन्ही झेंडे जागेवर होते, चीनमध्ये तो लागलाच नाही, आणि तरीही जगभर त्याने सुमारे १४९ कोटी डॉलर कमावले.

मुंबईचा या कहाणीशी जुना संबंध आहे. धोबीतलावचं मेट्रो थिएटर १९३८ साली एमजीएमनेच बांधलं. दुसऱ्याच वर्षी आरकेओच्या ‘गंगादीन’मध्ये साहेबासाठी जीव देणारा भिश्ती आणि रक्तपिपासू ठग दाखवले गेले, तेव्हा मुंबई आणि बंगाल प्रांतांत त्यावर बंदी आली, भारताची अशी विटंबना करणाऱ्या चित्रपटांविरुद्ध बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाने मोहीम चालवली होती. त्या वेळी भारतीय प्रेक्षकाचा राग स्टुडिओंच्या वहीत फारसा जमेस धरला जात नव्हता. पंचेचाळीस वर्षांनी ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’मध्ये नरबळी देणारे भारतीय पुन्हा आले. भारत सरकारने पटकथेवर आक्षेप घेतला, तर चित्रीकरण श्रीलंकेत गेलं आणि खलनायक अमरीश पुरी झाले.

बाजार आडवा आला की सगळेच वाकतात असं नाही, आणि वाकवणारा दर वेळी परकाच असतो असंही नाही. २०१२ साली आपल्या सेन्सॉर बोर्डाने ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’मध्ये कापाकापी सुचवली, डेव्हिड फिंचरने ती नाकारली आणि चित्रपट भारतात आला नाही. पुढच्या वर्षी धूम्रपानाच्या दृश्यांवर इशाऱ्याची पट्टी लावायला वुडी ॲलन तयार झाला नाही, म्हणून ‘ब्लू जास्मिन’ही आला नाही. २०१९ साली चीनने ‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवूड’ ऐन वेळी रोखला, तेव्हा टॅरंटिनोने एक फ्रेमही बदलणार नाही असं कळवलं. अंतिम संकलनाचा हक्क करारानेच त्याच्याकडे होता. हॉलिवूडमध्ये हा हक्क हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना मिळतो, आणि तो मिळतो आधीच्या चित्रपटांनी कमावून दिलेल्या पैशाच्या जोरावर. सोनीने चीनमधल्या कमाईवर पाणी सोडलं, चित्रपट जसाच्या तसा राहिला.